डोंगर मी रंगवला, तारीख त्यांनी ठरवली

आधीच सांगून टाकते, या आजाराने मला काही शिकवलं वगैरे नाही. कॅन्सर म्हणजे गुरू, कॅन्सर म्हणजे जगण्याकडे बघायची नवी नजर, असलं लिखाण उपचारांच्या काळात मला लोकांनी ढिगाने पाठवलं. दर वेळी मी अर्ध्यात मोबाइल उलटा ठेवला. मी आधीही तापट होते, आता जास्त तापट आहे. तरी लिहायला बसले, कारण माझ्या बाबतीत जे झालं ते आमच्या भागातल्या आणखी कितीतरी घरांत होत असणार आणि तिथल्या बाईला त्याचा पत्ताही नसणार. तिच्यासाठी लिहिते आहे. तिच्या घरच्यांनी वाचलं तर फारच उत्तम.

आम्ही खेडला राहतो. नवऱ्याचं, मंगेशचं, बाजारपेठेत फोटो फ्रेमचं दुकान आहे. लग्नाचे फोटो, देवांच्या तसबिरी, सत्काराची सन्मानपत्रं, गेलेल्या माणसांचे फोटो, सगळं येतं. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्याचं. काच कापणं, पुठ्ठा कापणं माझ्याकडे, कारण माझा हात सरळ चालतो. मुलगा जहाजावर असतो. घरात आम्ही दोघंच.

माघात एक दिवस आंघोळ करताना छातीत उजव्या बाजूला गाठ लागली. सुपारीएवढी, टणक, दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. कुणी तसं समजावत असेल तर तिने हा लेख इथेच ठेवून डॉक्टरकडे जावं. उरलेला नंतर वाचता येईल.

रिपोर्टचा दिवस

चिपळूणच्या बाजूला एक मोठं हॉस्पिटल आहे, तिथे तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि मंगेशकडे बघून बोलायला लागले.

"तुमच्या मिसेसना कॅन्सर आहे. ऑपरेशन करावं लागेल, नंतर केमो. लवकर केलेलं बरं."

मी शेजारच्याच खुर्चीत होते. गाठ माझ्या अंगात होती आणि बातमी त्याला सांगत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, मी इथे बसलेय." ते वरमले. माणूस वाईट नव्हता, तरुण होता. मग खुर्ची फिरवून त्यांनी सगळं पहिल्यापासून मला सांगितलं. तेवढी एक गोष्ट त्या दिवशी धड झाली.

बाहेर आल्यावर मंगेश जिन्यात बसून रडला. मी त्याला पाणी दिलं. लोकांना वाटतं अशा वेळी बाई कोसळते. मला कोसळायला जागाच नव्हती, ती त्याने आधी घेतली होती.

घरी पोचेपर्यंत त्याने फोनवर बरंच काही ठरवून टाकलं होतं. लोकांना अल्सर सांगायचं. मुलाला जहाजावर काही कळवायचं नाही. आणि गावी अण्णांना मात्र सगळं सांगायचं. अण्णा म्हणजे माझे मोठे दीर. ते गावच्या घरी राहतात, शेती बघतात आणि देवळात त्यांना मान आहे. आमच्याकडे लग्न, घर, विहीर, काहीही असो, अण्णांना विचारल्याशिवाय कुदळ पडत नाही.

"अल्सर कशाला?" मी विचारलं.

"अगं, बायकांचा आजार. चारचौघांत कसं सांगायचं?"

छाती हा शब्द त्याच्या तोंडातून निघत नव्हता. वीस-बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाच्या.

सर्जन गावाला गेले

डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्यातली तारीख दिली. मी बॅग भरली. पुढून उघडणारे दोन गाऊन शिवून घेतले. आदल्या दिवशी दुपारी मंगेश दुकानातून घरी आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हॉस्पिटलातून फोन होता. सर्जन बाहेरगावी गेलेत. तारीख शिमग्यानंतरची दिलीय."

"शिमग्यानंतर? अरे, महिना होईल! लवकर करा म्हणाले होते ना?"

"त्यांचंच म्हणणं आहे, एवढ्याने काही होत नाही."

मी विश्वास ठेवला. हॉस्पिटलात मोठे डॉक्टर मिळत नाहीत, तारखा सरकतात, हे आपल्याला नवीन आहे का? मी सर्जनला शिव्या दिल्या, त्याच्या बाहेरगावाला दिल्या आणि बॅग कपाटावर ठेवली.

तो महिना कसा काढायचा हा प्रश्न होता. दुकानात मन लागेना. समोर गेलेल्या माणसाचा फोटो आला की काच वाकडी तुटायची. भेटायला येणाऱ्यांचा वेगळाच ताप. अल्सर सांगितलं म्हणून कुणी आवळ्याचा रस आणायचं, कुणी तिखट बंद करायला सांगायचं. मी मान डोलवून ऐकायचे. आत आग आग व्हायची.

मागची भिंत

अशातच मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. कुठल्याशा परदेशातला एक म्हातारा, घराच्या माळ्यावर खेळण्यातली आगगाडी मांडलेली. रूळ, पूल, स्टेशन, माणसं. मला त्या गाडीचं काही नव्हतं. मला आवडली ती मागची भिंत. त्याने गाडीच्या मागे डोंगर आणि आभाळ असं रंगवलं होतं की ती गाडी मैलोगणती लांब जाणार असं वाटत होतं. मी तो व्हिडिओ थांबवून भिंतच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुकानातला जाड पुठ्ठा घेतला. चार फूट रुंद, अडीच फूट उंच. आपल्याकडे देखावा करताना मागे पुठ्ठा सरळ उभा करतात, म्हणून दोन्ही कोपऱ्यांत आभाळाला घडी दिसते. मी पुठ्ठा ओला करून दोन्ही कडांना वळवला, फ्रेमच्या पट्ट्यांवर ताणून वाळवला. आता कोपराच नव्हता. मधोमध उभं राहिलं की दोन्ही बाजूंनी आभाळ आपल्याकडे वळून आल्यासारखं वाटायचं.

काय रंगवायचं याचा विचार करावा लागला नाही. माझं माहेर अलोऱ्याचं, म्हणजे तिथल्या कोयना प्रकल्पाच्या कॉलनीतलं. वडील वर्कशॉपमध्ये होते. एकसारखे क्वार्टर, एकसारखी दारं, आणि मागे सह्याद्री. शेजारी साताऱ्याचे, त्यांच्या पलीकडे नागपूरचे, समोर केरळचे. कुणाचंच मूळ गाव तिथलं नव्हतं. तो डोंगर तेवढा सगळ्यांच्या सारख्या मालकीचा होता.

पहिला डोंगर पार फसला. मी तो गडद हिरवा रंगवला, आणि तो थेट नाकासमोर येऊन उभा राहिला. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. लांबचा डोंगर लांब दिसायला हवा तर त्यातला हिरवा काढून घ्यायचा, आभाळातलाच रंग त्याला द्यायचा. सगळ्यात मागची रांग तर आभाळाहून जेमतेम एका छटेने वेगळी. त्यापुढची थोडी निळसर, त्यापुढची राखाडी हिरवी. आणि आभाळ खाली फिकं, वर निळं. मी लहानपणापासून ते उलटंच समजत होते. स्पंजने रंग टिपायचा, वाळायच्या आत दुसरा. जरा उशीर झाला की मध्ये पट्टा उठतो आणि मग काही केलं तरी जात नाही.

हे करताना मी गाठ विसरायचे असं नाही. विसरायला ती काही छत्री नव्हती. पण हातात ओला रंग असला की त्या रंगाचंच बघावं लागतं, भीतीला थोडा वेळ बाहेर थांबावं लागतं. ज्यांना काही करायला सुचत नसेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, जपमाळ घ्या, विणकाम घ्या, काहीही घ्या, पण ज्यात हात अडकतात असं घ्या. पॉझिटिव्ह राहा असं सांगणाऱ्यांनी माझ्यापासून चार हात लांब राहावं.

मंगेश रोज येऊन बघायचा. "मस्तच. आणि पुढे काय ठेवणार? बस? घरं?"

"ठरलं नाही."

मला पुढे काही ठेवावंसंच वाटत नव्हतं. तो रोज विचारायचा, मी रोज तेच उत्तर द्यायचे. आता कळतं की तो माझ्याशी दुसरं काही बोलायला घाबरत होता.

अण्णांची शाबासकी

शिमगा झाला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, ती गावच्या घरी येऊन गेली. मला दगदग नको म्हणून मी गेले नव्हते. दोन दिवसांनी अण्णा प्रसादाचा नारळ घेऊन खेडला आले. ऑपरेशनची तारीख जवळ आली होती, ते आमच्याबरोबर हॉस्पिटलात यायचे होते.

पुठ्ठा बाहेरच्या खोलीत टेबलावर उभा होता. अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"आयला! अलोऱ्याचा डोंगुर ना गो ह्यो?" अण्णांना सगळा मुलूख माहीत. "काय क्येलंस बाय हे! हात लावला तर गार लागंल."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मग ते खुर्चीवर टेकत म्हणाले, "बघ, देव उगाच थांब म्हणाला नाय. म्हैनाभर थांबलो म्हणून तर हे झालं. तुजं मन पण शांत झालं."

मंगेश स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहराच सगळं सांगत होता.

"देव थांब म्हणाला? कधी?"

आता अण्णाही गडबडले. त्यांना वाटत होतं मला माहीत आहे.

झालं होतं ते असं. तारीख मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णांनी ग्रामदेवतेला कौल लावला होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवाला प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. ऑपरेशन लगेच करू का, म्हणून विचारलं. डावा आला. पालखी घरी येऊन गेल्यावर करू का, विचारलं. उजवा आला. अण्णांनी मंगेशला फोन केला, आणि मंगेशने हॉस्पिटलला. सर्जन कुठेही गेले नव्हते. माझी तारीख माझ्या नवऱ्याने पुढे ढकलली होती.

"डॉक्टरला सांगितलंस काय?" मी मंगेशला विचारलं. "का पुढे ढकलतोय ते?"

"घरात कार्य आहे म्हटलं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं नसतंस."

या उत्तरावर मी अजूनही अडखळते. बरोबरच होतं ते. मी ऐकलं नसतं. ऐकणार नाही म्हणून विचारलं नाही, याचा अर्थ त्याला माझं उत्तर माहीत होतं. माहीत असलेल्या उत्तरावर त्याने फुली मारली होती.

मी ओरडले. शेजारपाजारच्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे. अण्णांना म्हटलं, "तुमच्या देवाला गाठ माझी दाखवलीत का? रिपोर्ट वाचून दाखवलात का?" अण्णा खाली मान घालून बसले होते. तसेच म्हणाले, "सुमनच्या वेळेला विचारलं नव्हतं. घाईघाईत न्हेली मुंबईला. परत आली ती मयताच्या गाडीतून. तवापासून मी विचारल्याबिगर काय करीत नाय."

सुमन म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माझी नणंद. मी लग्न होऊन येण्याआधीच गेली. साध्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला नेली होती. तिचा फोटो मीच नव्या फ्रेममध्ये बसवून दिला होता. अण्णांना खरंच भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. पण म्हणून माझा राग कमी झाला नाही. भीती त्यांची होती, महिना माझा गेला होता.

ते गेल्यावर मी पुठ्ठ्यासमोर जाऊन उभी राहिले. मागची फिकी रांग मला तिसऱ्या प्रयत्नात जमली होती, त्याचा मला किती आनंद झाला होता! त्या आनंदात ती गाठ आत बसून आपलं काम करत होती. फाडून टाकावा असं वाटलं. पुठ्ठा जाड होता, आणि माझा उजवा हात मला वाचवून ठेवायचा होता. मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

वॉर्ड

ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बाजूला नळी लावतात, तिच्या टोकाला बाटली असते, आणि ती पिशवीत घालून फिरावं लागतं. सकाळी साडी नेसायच्या सवयीने हात पदराकडे जातो आणि तिथे पट्टी असते. पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हा मी रडले नाही, शिवी दिली. कुणाला दिली माहीत नाही.

शेजारच्या खाटेवर मेहरुन्निसा आपा होत्या. दापोलीकडच्या किनाऱ्यावरच्या. मुलगा आखातात. तो दर तासाला व्हिडिओ कॉल करून नर्सला सूचना द्यायचा. आईला काय खायला द्या, कुशीवर कसं झोपवा. एकदा आपांनी फोन सरळ उशीखाली सारला. उशीखालून बराच वेळ "अम्मी, अम्मी" ऐकू येत होतं. आम्ही दोघी टाके धरून हसलो. हसल्यावर टाके दुखतात हे मला तेव्हा कळलं.

मी त्यांना कौलाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्यातही इस्तिखारा करतात बाई. काय करावं कळत नसेल तर नमाज पढून अल्लाला विचारायचं. पण ज्याचा सवाल त्याने विचारायचा. तुमचा सवाल तुमच्या दिराने कसा विचारला?"

मी देवावर चिडले होते तेव्हा, सरसकट. आपांनी माझा राग नेमक्या जागी आणून ठेवला.

तपासणीचा रिपोर्ट आला. काखेतल्या काही ग्रंथींपर्यंत आजार पोचला होता. मी डॉक्टरांना एकटीने गाठलं आणि विचारलं, "महिन्याभरात पोचला का?"

त्यांनी रिपोर्ट परत एकदा वाचला. "आधीच पोचला असेल किंवा नंतर. मला खरंच सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही."

म्हणजे रागावायचं तर नक्की कशावर, हेही मला कधी कळणार नाही. मंगेशला मी हे सांगितलं तेव्हा त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. मला तो ऐकू आला. त्यानंतर आठवडाभर मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. तो भाकरी करायला शिकला, माझी बाटली रिकामी करायला शिकला, मोलकरीण आली नाही तर भांडी घासली. हे मी नाकारत नाही. भाकऱ्या चांगल्या करायचा.

हात वर

घरी आल्यावर व्यायाम दिले होते. भिंतीसमोर उभं राहायचं आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवर वर वर चढवायची. नाही केलं तर खांदा आखडतो, हाताला सूज येते. काच कापणाऱ्या बाईचा उजवा हात. पहिल्या दिवशी बोटं छातीच्या वर गेली नाहीत. कोऱ्या भिंतीवर बोटं चालवायचा मला भयंकर कंटाळा यायचा.

एक दिवस मी तो पुठ्ठा परत सुलटा केला, भिंतीवर उंच टांगला, आणि आभाळ पुन्हा रंगवायला घेतलं. खालचा फिका भाग लवकर झाला. वरचा निळा गाठायला हात वर न्यावा लागायचा. रोज थोडंसं वर. दुखलं की थांबायचं, रंग वाळायच्या आत परत सुरू करायचं. पट्टे उठले, ते मी पुसले, परत केले. केमो सुरू झाल्यावर तोंडाची चव गेली, केस गेले. आपांनी फोनवरून ओढणी कशी बांधायची ते दाखवलं, मागे गाठ न मारता, म्हणजे झोपताना टोचत नाही. ओकारी येत नसेल त्या दिवशी मी आभाळ रंगवायचे. पुठ्ठ्याच्या वरच्या काठापर्यंत हात पोचला त्या दिवशी मी दुकानात जाऊन काच कापली. सरळ कापली.

खाली जुनं आभाळ आणि त्यात गेलेला महिना अजून आहेच. पण वरचं आभाळ मी माझ्या मनाने आणि माझ्या वेळेने रंगवलं होतं.

गणपती

गणपतीला आम्ही गावी जातो. मुंबईचे पुतणे येतात, घर भरतं. माझा केमो नेमका गणपतीच्या तिसऱ्या दिवशी येत होता. मंगेश म्हणाला, "दोन-चार दिवस पुढे घेऊया का? सगळे आलेले असतात."

"तू फोन करून बघ," मी म्हटलं, "आणि मग बघ."

त्याने फोन केला नाही. पण विषय संपलाय असंही मला वाटत नव्हतं. मंगेश दोन दिवस आधी सामान घेऊन गावी गेला. आभाळ पुरं झाल्यापासून पुठ्ठा दुकानाच्या मागच्या खोलीत होता, तिकडे मी बघितलं नव्हतं. मी आदल्या संध्याकाळी पोचले. ओटीवर चपला काढून आत बघते तर मखरात, मूर्ती बसवायच्या चौरंगामागे, माझा डोंगर. चारी बाजूंनी झिरमिळ्या. एका पुतण्याने आभाळात चमकीचे तारे चिकटवले होते. दिवसाच्या आभाळात!

"सरप्राइज!" मंगेश म्हणाला. "पुढची जागा रिकामीच होती ना. म्हटलं, बाप्पाच शोभेल."

सगळे माझ्याकडे हसून बघत होते. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी. मी मागल्या दारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. पूजा झाली. अण्णा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्याकडे कर्ता पुरुष देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय महाराजा" म्हणतात. बायका मागे हात जोडून उभ्या असतात.

"बा गणराया, आज तुजी लेकरं तुज्या पायाशी उभी हायत..."

"व्हय महाराजा!"

"ह्या घरच्या सुनेवर संकट आलं, कौल देवन तू तिला तारलंस, योग्य वेळेला ऑपरेशन करवून घेतलंस..."

"व्हय महाराजा!"

योग्य वेळेला! अण्णा श्वास घ्यायला थांबले आणि मी पुढे आले. वीस-बावीस वर्षं ऐकलेलं गाऱ्हाणं, चाल पाठ होती.

"बा गणराया," मी म्हटलं, "ही सून तुझ्यासमोर स्वतः उभी आहे. तिचं गाऱ्हाणं ती स्वतः घालते आहे."

कुणीतरी सवयीने म्हणालं, "व्हय महाराजा."

"तिच्या आजाराचा कौल तिला न सांगता लावला. तिची तारीख तिला न विचारता बदलली. तिला खोटं सांगितलं."

आता थोडे कमी आवाज होते, पण होते. "व्हय महाराजा." मंगेशचाही होता. मी वळून बघितलं नाही, आवाजावरून ओळखला.

"यापुढे तिच्या अंगाबद्दल जो काही निर्णय होईल, तो तिला विचारून होईल. परवा तिचा केमो आहे. परवाच होईल. गणपती असो, गौरी असो."

या वेळी पहिला आवाज अण्णांचा, एकट्याचा. "व्हय महाराजा."

त्यांच्या मागून सगळ्यांचा.

आरती सुरू व्हायला हवी होती, पण टाळ कुणी उचलेना. अण्णांनी डोळे पुसले. ते मखराकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले. माझ्या सगळ्या संसारात त्यांनी पहिल्यांदा मला काही विचारलं.

"सूनबाय, ह्यो डोंगुर तुजा. तुला विचारला नाय कुणी. राहू दे काय?"

सगळ्यांची खात्री होती मी काय म्हणणार याची. विचारलं तेवढंच पुरे होतं, असं कुणालाही वाटलं असतं. मलाही क्षणभर वाटलं.

"नको," मी म्हटलं.

जाऊबाई "अगं..." म्हणाल्या. एक पुतण्या म्हणाला, मूर्ती बसल्यावर काही हलवायचं नसतं. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मूर्ती हलवायची नाय. मागला पडदा काढा. हळू."

मंगेशनेच काढला. झिरमिळ्यांचे धागे एकेक करून सोडवले, पुठ्ठा तिरका करून मखराच्या बाजूने बाहेर ओढला, आणि आतल्या खोलीत माझ्या बॅगेशेजारी नेऊन ठेवला. चमकीचे तारे त्याने नखाने काढले, रंग न दुखवता. मागे उरली घराची जुनी निळी भिंत, एका खिळ्यासकट. मग टाळ वाजले आणि आरती झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गणपती त्या भिंतीसमोर बसला होता आणि मी केमोच्या खुर्चीत. दोघांचंही काही अडलं नाही.